डोळ्यांवरचा हात

ताईला फिट आली की आमच्या घरात प्रत्येकाला नेमून दिलेलं काम होतं. वडील तिला कुशीवर वळवायचे. आई कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायची. मी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो की काही झालेलं नाही. मी पाच वर्षांचा असेन, ताई अकरा. आणि मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, ताईच्या उशाशी बसून तिच्या डोळ्यांवर हात ठेवायची.

फिटमध्ये ताईचे डोळे उघडे राहत. बुबुळं वर चढलेली, पांढरं तेवढं दिसायचं. मोठी माय दोन बोटांनी पापण्या खाली ओढायची आणि झटके ओसरू लागेपर्यंत तळवा उचलायची नाही. कारण विचारलं तर सांगायची, "घरी कोणी नसलं त दार लोटून घ्या लागते. उघडं ठेवलं त कोणीबी आत जाते."

पुढे मी पुष्कळ वाचलं. एका ग्रंथालयात नोकरीच केली, आणि अंधश्रद्धेवर लिहिलेली जवळपास सगळी पुस्तकं माझ्या हातून देवघेवीत गेली. या वाक्याला तोडीस तोड उत्तर मात्र मला कुठे सापडलं नाही. लहानपणी त्या गोंदलेल्या हाताखाली पापण्या हलताना दिसत, आणि आत कोणी गेलं तर नाही ना, म्हणून मी ताई उठल्यावर तिला तिचं नाव विचारून खात्री करून घ्यायचो.

नोकरी वेळेआधी सोडून मी गावी, जानेफळला, परत आलो तेव्हा वडील नव्हते. ताई शिवणकाम करायची, अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्याकडे. रोज दोन प्रकारच्या गोळ्या घ्यायची, आणि वर्षातून दोन-तीन फिट येत. त्या आम्हाला पाठ होत्या. मग आई गेली, आणि काही महिन्यांत फिट बदलल्या.

आधी फक्त वाढल्या, आठवड्याला एक-दोन. मग लक्षात आलं की काही वेगळ्या आहेत. जुनी फिट दीड-दोन मिनिटांत संपायची. ही वीस-वीस मिनिटं चालायची. अंग कमानीसारखं उचललं जायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आणि मान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, सारखी. तिला कोणीतरी काही विचारतंय, आपल्याला ते ऐकू येत नाही, आणि ती नाही, नाही, नाही म्हणतेय, असं दिसायचं. संपल्यावर ती घोरत पडायची नाही. रडायची.

अशाच एका फिटच्या वेळी शेजारच्या बाई आल्या होत्या. उंबऱ्यात उभं राहून हळहळल्या, "आई त गेली, आता हिचं कोण करीन? देवानं हिलेच आधी न्यायचं होतं."

दोन दिवसांनी त्याच बाई माप द्यायला आल्या. ताईनं त्यांच्या खांद्यावर टेप धरली आणि शांतपणे म्हणाली, "मले आधी न्यायचं होतं ना? मंग हा ब्लाउज कोणी शिवला असता?"

बाई माप अर्धं टाकून गेल्या. पुढच्या मंगळवारी आमच्या ओट्यावर नारळ आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाच. बेशुद्ध पडून जगाचं ऐकते ती साधी बाई नसणार, असा गावानं हिशोब केला. गावाला देवी लवकर मिळते. शिंपीण मिळायला वेळ लागतो, हे ताईला माहीत होतं. "देवी झाले त काजं कोण करीन?" असं म्हणून तिनं सगळे नारळ परत पाठवले. दोन ठेवून घेतले, चटणीसाठी.

मी हसलो. पण त्यानंतर फिट चालू असताना मी त्या खोलीत बोलणं बंद केलं. पुस्तकं वाचलेला माणूस भितो तेव्हा त्याला सावधगिरी म्हणतो.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी शिबिर झालं. फलकावर 'मिरगीमुक्त तालुका' असं लिहिलं होतं, आणि ते आश्वासन देणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो त्या अक्षरांपेक्षा मोठा होता. लाभार्थी म्हणून ताईला शाल देऊन व्यासपीठावर बसवलं. कशाचा लाभ, ते भाषणात पुढे येणार होतं. त्याआधीच तिची मान हलायला लागली. ती खुर्चीवरून घसरली. भाषण थांबलं नाही. आमच्याकडे भाषण थांबवायला एवढ्याशा गोष्टी पुरत नाहीत. एक कार्यकर्ता पायातली चप्पल काढून हुंगवायला धावला. अकोल्याहून आलेल्या मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं, ताईशेजारी उकिडवे बसले, घड्याळ पाहिलं, आणि नुसते बघत राहिले. इतकी वर्षं ताईच्या फिटसाठी लोकांनी काय काय केलं होतं. नुसतं बघितलं कोणी नव्हतं.

मोठी माय त्या दिवशी घरी होती. ताईचे डोळे आपोआप, घट्ट मिटलेले होते.

डॉक्टर मला म्हणाले, "घरी येतील त्या फिटचे व्हिडिओ काढा. सुरुवातीपासून. आणि घेऊन अकोल्याला या."

दोन महिन्यांत मी चार व्हिडिओ काढले. चारही पाहिले तेव्हा मला एकच गोष्ट दिसली: मोठ्या मायचा हात. हिरव्या बांगड्या, मनगटावरचं गोंदण, आणि तोंडानं पुटपुटणं. मी ते डॉक्टरांच्या टेबलावरच्या संगणकात दिसेल असं कल्पून पाहिलं आणि मला ते सोसवेना. ग्रंथालयातल्या माणसाच्या घरी अजून हे चालतं! मी चारही व्हिडिओंच्या प्रती केल्या आणि त्यांचा सुरुवातीचा भाग कापला. हात उचलला गेल्यानंतरचं तेवढं ठेवलं.

मोठ्या मायला दाखवले तर ती शेवटपर्यंत पाहून म्हणाली, "याच्यात मी काऊन नाही?"

"फोन सुरू करायले उशीर झाला."

"झूट नको बोलू बापू. मी पायलं ना तुले. तू पहिल्यापासून उभा होता, फोटोवाल्यासारखा." मग म्हणाली, "माहा हात खराब दिसते काय?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

अकोल्याला डॉक्टरांनी आधी ताईला विचारलं, फिटमध्ये तुम्हाला काही कळतं का. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, कारण पंचेचाळीस वर्षं तिच्या वतीनं आम्हीच उत्तर देत आलो होतो. पण ती बोलली.

"कधी सगळं ऐकू येते. हलता येत नाही, बोलता येत नाही, पण ऐकू येते. कोण काय म्हणते, कोण कोणाले कोपर मारते. अन् कधी काहीच नाही. मधातला वेळच नसते."

"हे आधी कोणाला सांगितलं होतं?"

"कोणी इचारलं नाही."

डॉक्टरांनी फिटच्या दोन जाती सांगितल्या. एक मेंदूतल्या विजेची, ती तिला लहानपणापासून होती. दुसरीत वीज ठीक असते. मनाला काही सोसेनासं झालं की शरीर एखादी वाट धरतं, आणि हिच्या शरीराला फिटची वाट पाठ होती. ज्यांना पहिली असते त्यांच्यातल्या काहींना दुसरीही होते.

"म्हणजे मी सोंग करते का?" ताईनं विचारलं.

"नाही. सोंग करणाऱ्याला ते ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक नसतं, आणि थांबवताही येत नाही. पण त्यावर इलाज गोळीचा नाही. बोलण्याचा आहे, सावकाश."

मग त्यांनी व्हिडिओ पाहिले. मला विचारलं, "सुरुवात कुठे आहे?"

"फोन सापडेपर्यंत वेळ जातो," मी म्हणालो.

"डोळे पहिल्यापासून असेच मिटलेले असतात?"

"हो."

"आपोआप?"

ताई माझ्याकडे पाहत नव्हती. तिला कुठून माहीत असणार? जिला मधला वेळच नसतो तिच्या डोळ्यांचं काय होतं, ते खोलीत फक्त मला माहीत होतं. "हो," मी म्हणालो. "नेहमी."

ते बराच वेळ विचार करत होते. शिबिरात त्यांनी स्वतः पाहिलेली फिटही तशीच होती. शेवटी म्हणाले, आत्ताच्या फिट बहुतेक दुसऱ्या जातीच्या दिसतात, जुना आजार कदाचित शांत असेल. दोनपैकी एक गोळी टप्प्याटप्प्यानं कमी करून पाहू; त्या गोळीनं तिचा तोल जात होता, सुस्ती येत होती. अकोल्यातल्याच मोठ्या रुग्णालयात कॅमेऱ्यासमोर झोपवून करायच्या तपासणीची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत फिट आली तर गर्दी करायची नाही, सुरुवातीपासून चित्रण करायचं, आणि तिच्याशी शांतपणे बोलायचं. ती ऐकत असते.

घरी येऊन मी 'दुसरी फिट' असा शब्द वापरला. आठवड्याभरात गावानं त्याचा 'खोटी' केला. देवीची शिंपीण झाली होती ती आता नाटकी झाली. ताई मापं घेत राहिली. मोठ्या मायला मात्र राग आला. "खोटी? मंग एवढे वर्षं मी कोणाचे डोळे मिटवले?"

एप्रिल लागला. गोळी निम्म्यावर आली होती. ताई खरंच तरतरीत दिसत होती, आणि त्या तरतरीचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतलं होतं. मोठी माय दुपारी शेजारी कुरडया घालायला बसली होती. ऐंशी ओलांडली तरी चिकाला ताव बरोबर लागला की नाही हे तिलाच विचारत. मी पडवीत वाचत होतो. आतून मशीनचा आवाज येत होता.

ताईची पायानं चालवायची मशीन. तिचा एक ठेका होता, लांब टीप, थांबा, लांब टीप. तो मला ऐकू येईनासा झाला होता, जसं घड्याळ ऐकू येत नाही. त्या दुपारी ऐकू आला, कारण तो बदलला. एक लांबलचक टीप सुरू झाली आणि थांबेचना. एवढं लांब शिवण्यासारखं ब्लाउजात काही नसतं. मग एक ओरडणं आलं, तिचं नाही वाटणारं, जनावराचं वाटणारं. मशीन तुटक तुटक, दोन टाके, तीन टाके, अशी चालली. कोणीतरी दुसरंच माणूस तिथे बसून मशीन शिकत असल्यासारखी. मग धप्प.

मी फोन घेऊन आत गेलो.

ती फरशीवर पडली होती, तोंड भिंतीकडे. अंग झटके देत होतं. मी उंबऱ्यातच थांबलो, गर्दी करायची नाही म्हणून. चित्रण सुरू केलं, या वेळी सुरुवातीपासून. आणि शांतपणे बोलायला लागलो. "ताई, मी आहो. घाबरू नको. सावकाश. काही घाई नाही. मी इथंच आहो." मला स्वतःचा आवाज आवडलाही. असं किती वेळ बोलत होतो ते नंतर फोननं सांगितलं: एक मिनिट चाळीस सेकंद.

मग एका झटक्यानं तिचं तोंड माझ्याकडे वळलं. डोळे उघडे होते.

पंचेचाळीस वर्षांत मी ते डोळे उघडे असे दोन क्षणांपलीकडे पाहिले नव्हते. दर वेळी हात मधे यायचा. आता ते माझ्याकडे वळलेले होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते. ओठ निळे पडले होते, तोंडातून लालसर फेस येत होता. आणि मी त्या डोळ्यांशी बोलत होतो, घाबरू नको म्हणून. घरात कोणी नव्हतं.

फोन खाली पडला. मी तिला कुशीवर वळवलं. झटके थांबले, पण ती शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट सुरू झाली, मग तिसरी. मेहकरच्या दवाखान्यात इंजेक्शन देईपर्यंत गाडीत मी तिचं डोकं धरून होतो. मोठी माय पिठाच्या हातांनी शेजारी बसली होती. सारखी डोळ्यांवर हात न्यायची आणि मी तिचा हात बाजूला करायचो, कारण ते आपोआप मिटतात का, तेच एक मला बघत राहायचं होतं. "अरे मिटू दे ना बापू," ती म्हणत होती. "मिटू दे." मी मिटू दिले नाहीत. त्याला कारण काय, ते तिला सांगण्याएवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

ताई वाचली. खांदा निखळला होता, जीभ चावली गेली होती. तीन दिवस ती माणसांकडे अशी पाहायची की आपण नुकतेच कुठून तरी आलो आहोत असं ज्याला त्याला वाटावं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, अर्धा राहिलेला ब्लाउज कोणाचा होता.

मी एकटा अकोल्याला गेलो आणि डॉक्टरांपुढे न कापलेले व्हिडिओ ठेवले. त्यांनी प्रत्येक तीनदा पाहिला. दोनांत डोळे आपोआप मिटलेले होते, मोठ्या मायचा हात नंतर आला होता. दोनांत डोळे उघडे होते, हातानं मिटवले होते.

"दोन्ही आहेत," ते म्हणाले. "दोन्ही चालू आहेत." मग गोळी पूर्ववत लिहिता लिहिता, मान वर न करता, "हात चांगला स्पष्ट दिसतोय. उगाच कापला तुम्ही."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खांदा बरा होऊन ताई मशीनवर बसायला लागली, त्यानंतरची गोष्ट. एका सकाळी तिनं मला बोलावलं. "त्या दिवशीचं फोनात आहे म्हणते. दाखव."

"काय करतं पाहून?"

"बाकीच्या येळी मले ऐकू येते. त्या येळचं मले कोणी सांगितलं त समजन. दाखव."

मी दाखवलं. तिनं फोन दोन्ही हातांत धरला, कापड धरते तसा. खोलीत माझा आवाज आला, घाबरू नको, मी इथंच आहो, काही घाई नाही. ती ऐकत होती. तोंड वळण्याचा क्षण आला तसं तिनं बोट ठेवून चित्र थांबवलं आणि स्वतःच्या उघड्या डोळ्यांकडे पाहत राहिली. "हे कोण होय?" तिनं विचारलं. तिनं फोन मशीनवर पालथा ठेवला, आणि तिची मान हलायला लागली. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

मी तिला खाली निजवलं. डोळे घट्ट मिटलेले. श्वास चालू, ओठ लाल. ही कोणती, हे आता मला पाहताक्षणी कळत होतं, आणि तेच जास्त अवघड होतं. त्या दिवशी मी रिकाम्या घराशी बोललो होतो. आज आत कोणीतरी बसलेलं होतं, कान देऊन.

मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "ताई, गोळी कमी झाली ते माह्यामुळं. डॉक्टरनं इचारलं होतं, सुरुवात कुठी आहे. मी खोटं सांगितलं. मंग त्यानं इचारलं, डोळे आपोआप मिटते का."

मान हलत होती. नाही, नाही.

"तुले आठवत असंन, तू तिथंच होती. मी..."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "ताई, ब्लाउज झाला का व?" मी उठलो, त्या बाईंना उद्या या म्हणून सांगितलं आणि परत येऊन बसलो. पण धागा सुटला होता. पुन्हा सुरू करण्याएवढा मी शूर नव्हतो. पंखा फिरत होता. पंधरा-एक मिनिटांनी तिचं अंग सैल पडलं. ती थोडं रडली, पदरानं तोंड पुसलं. मी पाणी दिलं, ते सगळं प्यायली आणि भिंतीला टेकून बसली.

"डॉक्टरनं इचारलं, डोळे आपोआप मिटते का," ती म्हणाली. "अन् मंग?"

"मंग मी हो म्हटलं."

"काऊन?"

"मोठ्या मायचा हात दिसू नये म्हणून."

ती माझ्याकडे पाहत होती. बाहेर मोठी माय कोंबड्या हाकलत होती, तिला काही ऐकू गेलं नसणार.

"लाज वाटली तुले."

"हो."

"माही का तिची?"

"दोघींची," मी म्हणालो.

ताईनं पेला खाली ठेवला. "तिले सांगू नको," ती म्हणाली. "मले सांगितलं तेवढं बस झालं." मग भिंतीला धरून उठली, मशीनवरचा फोन सरळ केला आणि माझ्या हातात दिला. "अन् ते पुसू नको. अकोल्याले त्या तपासणीच्या दिवशी लागन. या बारीनं मी सांगीन त्यायले, अन् तू बाहेर बसशीन."